बहीण काय करते?

भवानीनगरला बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला फकीर मुलाणीचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची नाहीतर बोअरची मोटर जळाली की निरवांगीपर्यंतचे लोक ती दुचाकीच्या मागं बांधून त्याच्याकडं आणतात. जळलेली तार उपसून काढायची, तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून कॉइल बसवायची, वार्निश द्यायचं, वाळली की चालवून दाखवायची. हे काम तो तिसाव्या वर्षापासून करतो. बोलणं कमी. गिऱ्हाईक तासभर समोर बसलं तरी फकीरच्या तोंडून चार शब्द निघतील तर शपथ.

अमेरिकेचं वेड त्याला कधीच नव्हतं. ते सगळं सुरैय्याचं.

सुरैय्या त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा फकीर पाच वर्षांचा होता. बाप शेतीचा आणि मोलमजुरीचा माणूस, पहाटे जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा. सुरैय्यानं शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. त्याला अंघोळ घालायची, भाकरी चुरून द्यायची, शाळेत सोडायला जायची आणि सुटेपर्यंत तिथंच चिंचेखाली बसून राहायची, कारण हा रडायचा. पुढं तिचं लग्न बारामतीच्या मुजफ्फर तांबोळीशी झालं. मुजफ्फर आधी दुबईला हॉटेलात होता, तिथून एका चुलत्याच्या ओळखीनं टेक्सासला गेला, आणि काही वर्षांनी सुरैय्याही गेली. जाताना ती म्हणाली होती, "मी तुला न्हेणार हाय. ध्यानात ठेव."

ती विसरली नाही. तिथली नागरिक झाली त्याच महिन्यात तिनं भावाचा अर्ज भरला. फकीर, त्याची बायको इफ्फत आणि अडीच वर्षांची अस्मा, तिघांची नावं त्यात होती. भावाबहिणींच्या अर्जाला नंबर लागतो आणि तो लांबतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण किती लांबतो हे माहीत असतं तर तिनं ते एवढ्या हौसेनं सांगितलं नसतं. फोनवर म्हणाली होती, "धा वर्सं धर. धा वर्सं काय, अशी जातील."

अठरा वर्षं गेली.

या अठरा वर्षांत एक गोष्ट अशी झाली की तिचा अंदाज कुणालाच आला नव्हता. सुरैय्याच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा फकीरनं महिनाभरासाठी जायचं ठरवलं. मुंबईला गेला, व्हिसाच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या साहेबानं कागद बघितले आणि दोन मिनिटांत परत दिले. कायमचं यायचा अर्ज ज्याचा आधीच पडून आहे तो माणूस महिन्यानं परत जाईल यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढं सुरैय्याचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पुन्हा गेला. पुन्हा तेच. म्हणजे तिनं त्याला कायमचा बोलावला होता म्हणून त्याला पाहुणा म्हणून जाता येत नव्हतं. फकीरला हे कळलं तेव्हा त्यानं तिला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "सीझन हाय आपा. मोटरी लई आल्यात."

तीच येत राहिली, चार-पाच वर्षांनी एकदा. तीन आठवडे राहायची. आली की अस्माला दारात उभं करून उंची बघायची आणि म्हणायची, "आता मातूर लौकर झालं पायजे. पोरगी मोठी व्हाय लागली." एकवीस पूर्ण झाली की पोरगी अर्जातून बाहेर पडते, ही भीती तिला होती. शेवटी तिथल्या वकिलानं काहीतरी आकडेमोड केली. अर्ज नुसता मंजूर व्हायला सुरुवातीची जी तीन वर्षं लागली ती अस्माच्या वयातून वजा झाली, आणि कागदावर ती सतरा-अठरा वर्षांचीच राहिली. अस्मा तोवर फार्मसीचा डिप्लोमा करून मोकळी झाली होती. सुरैय्याला फोनवर हसू आवरेना. "माझी भाची बघा, वाढायचीच थांबली!"

मुलाखतीचं पत्र आलं ते भाद्रपदाच्या सुरुवातीला. तिघांची वैद्यकीय तपासणी मुंबईला झाली. गावात कळायला वेळ लागला नाही. निरवांगीचे सर्जेराव रणवरे, फकीरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि बोलून चालून हौशी माणूस, त्यांनी कुणाला न विचारता चौकात फ्लेक्स लावून टाकला. फकीरचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घातला होता. खाली लिहिलं होतं, 'आमचे मित्र फकीरभाई मुलाणी यांना अमेरिका प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा.'

"आवं सर्जेराव, मुलाखत व्हायचीय आजून," फकीर म्हणाला.

"ती काय, नावालाच आसती. अठरा वर्सं थांबलास म्हंजी काय थोडं झालं?"

इफ्फतनं भांडी वाटून टाकायला सुरुवात केली. मोठं पातेलं बहिणीला, पाटावरवंटा शेजारी. फकीरनं नवीन मोटरी घ्यायचं थांबवलं. दुकानाची पाटी उतरवली आणि मागं भिंतीला टेकून ठेवली.

मुलाखतीला एकोणीस दिवस राहिले होते. सकाळचे साडेअकरा झाले असतील. फकीरच्या मांडीवर उघडी मोटर होती आणि हातात तार. फोन वाजला तर मुजफ्फरचा. तिकडं मध्यरात्र उलटलेली असणार, म्हणून फकीरनं तार दातात धरली आणि फोन घेतला.

"फकीर," मुजफ्फर म्हणाला, "आपली सुरैय्या गेली रे."

"कुठं गेली?" फकीरनं विचारलं.

खरंच त्याला कळलं नव्हतं. मुजफ्फरला ते पुन्हा सांगावं लागलं. डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध नव्हती, तासाभरात संपलं. फकीर "व्हय, व्हय" म्हणत राहिला. फोन ठेवला. मग त्यानं हातातली कॉइल पुरी केली, कारण अर्धी सोडली की वेढ्यांचा हिशेब चुकतो. पुरी करून, दोरा बांधून, हात पुसून घरी गेला आणि इफ्फतला सांगितलं. इफ्फतनं हंबरडा फोडला. अस्मा कोपऱ्यात बसून रडू लागली. फकीर उंबऱ्याशी उभा होता. आपल्यालाही आता काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत होता. काही झालं नाही.

दफनविधीचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर आले. हिरवंगार सपाट मैदान, ओळखीचं एकही तोंड नाही, टोप्या घातलेले लोक मूठमूठ माती टाकतायत. पहिला दोन मिनिटांचा होता, दुसरा चाळीस सेकंदांचा. फकीरनं दोन्ही एकेकदा बघितले. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत तिच्यासाठी दुवा झाली. तिसऱ्या दिवशी घरात जियारत झाली, तिच्या नावानं कुराण वाचलं गेलं. लोक आले, बसले, आणि प्रत्येकाच्या मनात दोन गोष्टी होत्या पण तोंडानं एकच बोलता येत होती.

"लई वाईट झालं," सर्जेराव म्हणाले. थोड्या वेळानं खाली मान घालून म्हणाले, "आन् ते... तुमचं जायाचं?"

"म्हाईत न्हाय."

"फ्लेक्स काढू का ठिवू?"

"तुमाला वाटंल तसं करा."

सर्जेरावांनी दुसऱ्या दिवशी तो उतरवून नेला. त्यांच्या शेतात गुरांच्या छपराला तो पावसाच्या बाजूला बांधलेला आहे, असं पुढं कुणीतरी सांगितलं.

त्या आठवड्यात फकीरनं राहिलेल्या तीन मोटरी भरल्या. एकीतही चूक झाली नाही. जेवण वाढलं की जेवत होता, झोप लागत होती. इफ्फतची आई आली होती. ती म्हणाली, "रडून घे बाबा. असं कोंडून ठिवू ने." फकीरनं मान हलवली. तो काही कोंडून ठेवत नव्हता. आत काही सापडतच नव्हतं.

मग इफ्फतचा भाऊ फिरोज बारामतीहून आला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि असल्या कागदांची त्याला माहिती. त्यानं अस्माला आणि इफ्फतला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. ज्यानं बोलावलं तो माणूस गेला की अर्जही संपतो. आपोआप. अठरा वर्षं झालेली असोत की अठरा दिवस.

"संपतो म्हंजी?" इफ्फतनं विचारलं.

"म्हंजी न्हाईच. भरलाच नव्हता असं समजायचं." फिरोजनं आवाज खाली घेतला. "पर त्यांना कळलं तर. मुजफ्फरभाईंनी आजून तितल्या हाफिसला कळवल्यालं न्हाय. आपल्या हातात पत्र हाय, तारीख हाय. ईचारलं तर बोलायचं. कुणी आपणहून ईचारत न्हाय, बहीण जित्ती हाय का म्हणून."

मुजफ्फरशी फोन झाला. त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "फकीर, तुम्ही सगळे या इकडं. तिची एवढी एकच इच्छा होती. तिच्यासाठी या."

सगळे फकीरकडं बघत होते. त्यानं नाही म्हटलं नाही. हो म्हटलं, असंही कुणाला आठवत नाही. इफ्फतनं तिघांचे कपडे भरले.

मुंबईला आदल्या दिवशी जाऊन राहिले. फिरोजनं वाटेत सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती. नाव, जन्मगाव, धंदा. बहीण मोठी की धाकटी. बहीण कुठं राहते. बहीण काय करते. शाळेतल्या मुलांच्या स्वयंपाकघरात काम करते, असं सांगायचं. फकीरनं ते तीन-चारदा म्हणून दाखवलं, न अडखळता.

वकिलातीत नंबर पुकारला तेव्हा दहा वाजले होते. काचेपलीकडं एक तरणी गोरी अधिकारी बाई होती, बाजूला मराठी सांगणारी दुसरी. दोघींचेही चेहरे चांगले होते. तिघांना उजवा हात वर करायला लावला, खरं सांगेन असं म्हणवून घेतलं. अस्मा काचेकडं न बघता पायाखाली बघत होती.

"तुम्ही काम काय करता?"

"मोटर भरतो."

मराठी सांगणारी बाई थांबली. "भरता म्हणजे? कशानं भरता?"

फकीरनं समजावून सांगितलं. जळालेली तार काढतो, नवी घालतो. गोरी बाई ऐकून हसली, काहीतरी म्हणाली. दुसरीनं सांगितलं, "मॅडम म्हणतात, त्यांचे वडीलही हेच करायचे."

फकीरही थोडा हसला. इफ्फतला वाटलं, झालं. आता झालंच.

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"बहिणीनं. सुरैय्या मुजफ्फर तांबोळी."

"मोठी की लहान?"

"धा वर्सांनी मोठी."

"शेवटची भेट कधी झाली?"

"पाच वर्सं झाली. तीच आल्ती."

गोरी बाई लिहीत होती. वर न बघता तिनं पुढचा प्रश्न टाकला आणि दुसरीनं तो मराठीत केला. "बहीण काय करते?"

फकीरनं तोंड उघडलं. शाळेतल्या मुलांच्या, एवढं त्याच्या जिभेवर होतं. तो तसाच उभा राहिला. मराठी सांगणाऱ्या बाईला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "तुमची बहीण, तिकडं काय करते?"

"वारली," फकीर म्हणाला.

"काय म्हणालात?"

"वारली ती. एकोणीस दिवस झाले."

बाईनं ते लगेच सांगितलं नाही. आधी इफ्फतकडं बघितलं. इफ्फतनं डोळे मिटले होते. मग तिनं हळू आवाजात ते इंग्रजीत केलं. गोरी बाई लिहायची थांबली, पेन खाली ठेवलं आणि थेट फकीरकडं बघून काहीतरी म्हणाली. त्यातलं 'सिस्टर' एवढं त्याला कळलं.

"मॅडम म्हणतात, तुमच्या बहिणीचं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं."

त्या एकोणीस दिवसांत नुसतं बहिणीबद्दल बोललेलं, पुढं काही न विचारलेलं, हे पहिलं वाक्य होतं. फकीरला ते लक्षात आलं. लक्षात आलं, आणि तरीही आत काही हललं नाही.

बाईनं कागद चाळले, आत जाऊन कुणालातरी विचारून आली. पासपोर्ट परत केले. वर एक चिठ्ठी होती. कुटुंबातलं तिथलं दुसरं कुणी जामीन राहायला तयार असेल तर दयेचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही, असं समजावून सांगितलं. फकीर "थँक यू" म्हणाला. मागची रांग पुढं सरकली.

बाहेर फिरोज उभा होता. त्याला तोंडावरून कळलं. तो काहीतरी बोलणार होता पण इफ्फतनं हातानं थांबवलं. दादरला जाऊन त्यांनी पुण्याची गाडी धरली. खोपोलीच्या पुढं अस्मानं बापाला पाण्याची बाटली दिली आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "अब्बा, तुमी बोलला नसता तर मी बोलले असते बहुतेक. काय म्हाईत."

इफ्फत नऊ दिवस बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, आत जायची. दहाव्या दिवशी ताट ठेवून तिथंच बसली.

"एवढंच सांगा. का बोललासा?"

फकीरनं घास खाली ठेवला. त्यानं खरंच आठवून बघितलं. "तिनं ईचारलं, बहीण काय करती. मला दुसरं काय आठवंचना."

"पाठ केलं व्हतं की!"

"व्हय."

इफ्फत बघत राहिली. अठरा वर्षं या घरावर वरचा मजला चढवला नाही, कारण जायचं होतं. अस्माची दोन चांगली स्थळं परत पाठवली, कारण लग्न झालं की तिचं नाव कटलं असतं. हे सगळं तिला बोलायचं होतं. समोरचा माणूस हात ताटात ठेवून बसला होता, आणि त्याच्या तोंडावर अपराधही नव्हता, दुःखही नव्हतं. ती उठली आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं. त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं, जेवढ्यास तेवढं.

मुजफ्फरनं तिकडून दयेचा अर्ज केला. त्यासाठी फकीरनं एक पत्र लिहून द्यायचं होतं, आम्हाला तिथं यायची गरज का आहे म्हणून. ते अस्मानं लिहिलं, त्यानं सही केली, वाचलं नाही. वर्षभरानं नकार आला. तोवर अस्मा बारामतीला एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत लागली होती आणि सकाळच्या गाडीनं जात होती. तिनं ते पत्र जेवताना वाचून दाखवलं आणि फाईलला लावून टाकलं.

फकीरनं दुकान कधी बंद केलंच नव्हतं म्हणायचं. पाटी नव्हती तरी लोक येत होते.

त्या हिवाळ्यात मुजफ्फर आला. बारामतीतल्या भावाच्या घरी उतरला आणि एका दुपारी दुकानात येऊन बसला. खूप वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. फकीरनं चहा मागवला. दोघं रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत बसले. मुजफ्फरनं कंपनीचं काम सोडल्याचं सांगितलं, मुलगा दुसऱ्या शहरात गेल्याचं सांगितलं. फकीर ऐकत होता, हातानं जुनी तार उपसत होता. वाळलेलं वार्निश तडकून खाली पडत होतं.

"तुझ्यावर माझा राग होता," मुजफ्फर म्हणाला. "सहा महिने होता. आता नाही."

फकीर तार पक्कडीत धरून ओढत राहिला. मग एकदम थांबला आणि विचारलं, "दाजी, त्या दिशी आपा जेवली व्हती का?"

सव्वा वर्षात त्यानं तिच्याबद्दल विचारलेलं हे पहिलंच होतं. मुजफ्फरला समजायला क्षणभर लागला.

"जेवली की. भाकरी केली होती तिनं."

"तितं जवारीचं पीठ मिळतं?"

"गुजराती दुकानात मिळायचं. जुनं असायचं, भाकरी चिरायची. तरी करायची. मला म्हणायची, तुम्ही ब्रेड खा, मला नको." मुजफ्फरनं चष्मा काढला. "अर्धी खाल्ली. डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, गोळी घे. घेते म्हणाली आणि आत गेली."

"अर्धीच का?"

"काय माहीत. अर्धी झाकून ठेवली."

"कशाबरं खाल्ली?"

"मेथी होती. आणि ठेचा."

फकीरनं पक्कड खाली ठेवली. हात पुसायला फडकं शोधलं, ते समोरच होतं तरी त्याला लवकर दिसलं नाही.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, फकीर..."

"न्हाय, सांगा तुमी. आत गेली. मग?"

मुजफ्फर सांगू लागला. पहिल्यापासून सांगू लागला, त्या दिवशी दुपारी ती कामावरून किती वाजता आली तिथपासून. मोटर न्यायला आलेला एक माणूस दारात थांबला, आत बघितलं आणि न बोलता बाहेर दुचाकीवर जाऊन बसला. दिवस कलला, असरची अजान झाली तरी मुजफ्फरचं सांगणं चालूच होतं, आणि फकीर मधे मधे विचारत होता.